बंड्याची सत्ताकांक्षा

आमच्या घरात सध्या सत्तासंघर्ष पेटला आहे, असं सोसायटीतल्या जाणकारांचं मत आहे. एका बाजूला आम्ही दोघं पेन्शनर. दुसऱ्या बाजूला बंड्या, वय साडेतीन महिने.

बंड्या बेल्जियन मॅलिनॉइस आहे. ही जात मूळची मेंढ्या राखणारी, आता सैन्यात आणि पोलिसात नोकरीला असते. २०११ साली अमेरिकन कमांडो ओसामा बिन लादेनच्या घरात घुसले, तेव्हा त्यांच्याबरोबर गेलेला कैरो याच जातीचा. आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये त्या तोडीचं काम निघत नाही. चिरंजीवांनी पिल्लू हौसेनं आणलं आणि लगेच बंगळुरूची नोकरी धरली. हौस तेवढी इथे ठेवून गेले.

तर, बंड्या चावतो. दिवसभर थोडाथोडा, आणि रात्री मालिका सुरू झाली की मन लावून. माझ्या गाऊनचा काठ दातात धरतो, मागचे पाय फरशीवर रोवतो आणि मान अशी झटकतो की शिवण उसवल्याचा आवाज मला टीव्ही चालू असूनही ऐकू येतो. मी चालू लागले तर घसरत मागून येतो. त्याला ती गाडी वाटते. काठ सोडवायला वाकले तर मनगट. मनगट सोडवलं तर ह्यांच्या लेंग्याची नाडी. दुधाचे दात एकूण अठ्ठावीस, आणि सगळे सुईसारखे.

बी विंगमधले एक काका म्हणाले, “वहिनी, हा तुमच्यावर वर्चस्व गाजवतोय. कळपाचा म्होरक्या व्हायचंय त्याला.” त्यानंतर बंड्याचं काहीच साधं राहिलं नाही. सोफ्यावर चढला, तर खुर्चीची हाव. अंगावर उडी मारली, तर आव्हान. पोट वर करून झोपला, तर डाव. काकांनी कुत्रा कधी पाळलेला नाही. मात्र ते सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, आणि मला आठवतंय तेव्हापासून निवडणूक झालेली नाही. तेव्हा विषय त्यांच्या अभ्यासाचा आहे हे मान्य करायला हवं.

उपायही त्यांनीच दिले. कुत्र्याच्या आधी मालकाने खायचं. हे आता बंड्यासमोर उभं राहून, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून दोन मारी बिस्किटं खातात, मग त्याच्या भांड्यात खाणं पडतं. बंड्या दिवसातून चारदा जेवतो. ह्यांना मधुमेह आहे. दारातून आधी माणसानेच बाहेर पडायचं, हा दुसरा नियम. त्यामुळे रोज सकाळी उंबरठ्यावर दोघांचं कोण आधी, कोण आधी चालतं, आणि मी मागे ओल्या कचऱ्याचा डबा घेऊन निकालाची वाट बघते. तिसरा उपाय म्हणजे त्याला उताणं पाडून दाबून धरायचं. तो मी होऊ दिला नाही. दुसऱ्या एका बाईंनी सांगितलं, चावला की पिल्लासारखं कळवळून ओरडा, त्याला समजतं. मी “आई गं” म्हणून किंचाळले. बंड्याला एवढा आनंद झाला की त्याने लगेच दुसरा हात मागितला.

या म्होरक्या प्रकरणाचं मूळ शोधलं, तर ते बाझलच्या प्राणिसंग्रहालयात निघालं. तिथे कोंडलेल्या लांडग्यांच्या भांडणांवर रूडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली निबंध लिहिला. डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती कल्पना घरोघरी नेली. पुढे ते स्वतः रानातले लांडगे बघत बसले आणि १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. आपलंच पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, “तुम्ही फार वाचता.”

प्राण्यांच्या डॉक्टरांनी बंड्याच्या हिरड्या बघितल्या आणि विचारलं, “झोपतो किती?” या वयात दिवसाचे अठरा तास झोप लागते म्हणे. आमच्याकडे येणारेजाणारे त्याला उठवून लाड करतात, आणि रात्री मालिकेच्या वेळेला पिल्लू पेंगुळलेलं, दात शिवशिवणारं, डोळे तारवटलेलं. आता दुपारी जाळीच्या दारामागे सक्तीची झोप. ओला पंचा गाठ मारून फ्रीजरमध्ये, आइस ट्रेच्या शेजारी, तो चघळायला. ओढाओढी दोरीशी, “सोड” म्हटल्यावर सोडली तरच पुन्हा खेळ. दात अंगाला लागले की मी न बोलता उठून आत जाते. गाऊन बरेच दिवस शिवायला दिलेला नाही.

पण यात कोणाला रस नाही. “त्याला झोप आली होती” हे ऐकून एकही माणूस लिफ्टमध्ये थांबत नाही. कुत्रा सत्ता बळकावतोय म्हटलं, की तीन मजले वर येऊन चर्चा करतात.

दिवाळीला चिरंजीव आले. “आई, तुम्ही लोक त्याला लीडरशिप दाखवत नाही,” म्हणाले, आणि बाह्या वर सारून फरशीवर बसले. सध्या ते डायनिंग टेबलाच्या खुर्चीवर मांडी घालून जेवतात. पाय खाली सोडत नाहीत. आणि हे समोर बसून, बंड्याकडे रोखून बघत, मारीचा पुडा फोडतात.