‘बँकेतून बोलतोय’ साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. ‘बँकेतून बोलतोय’ साहेब,
केवायसी विभाग, मुख्य शाखा (गाव आपण कधी कळवलं नाही)

स. न. वि. वि.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या तमाम खातेदारांतर्फे आपले आभार मानतो. आमच्या खात्यांची एवढी काळजी आमच्या बँकांनी कधी वाहिली नाही. शाखेत गेलं की ‘लिंक नाही’, पासबुक छापायचं यंत्र बंद आणि जेवणाची सुट्टी चालू. आपण मात्र रविवारी फोन करता, कानबाईच्या दिवशी करता, मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेलेला असताना भर दुपारीही करता. वर ‘सर’ म्हणता. शाखेतल्या खिडकीवर मला आजवर कुणी सर म्हटलेलं नाही. पहिला संशय आला तो त्यामुळेच.

दुसरा संशय घाईचा. ‘आज रात बारह बजे आपका खाता ब्लॉक हो जाएगा.’ साहेब, खरी बँक रात्री बाराला कुणाच्या केवायसीसाठी जागी राहत नाही. ती आधारची झेरॉक्स मागते, दोन फोटो मागते, सही जुळत नाही म्हणून परत पाठवते आणि ‘सोमवारी या’ म्हणते. कमी जोखमीच्या खात्याची, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या बहुतेकांची, केवायसी दहा वर्षांतून एकदा नव्यानं करायची असते. रिझर्व्ह बँकेनं जून २०२५ मध्ये तर नियमच केला, की मुदत संपण्याआधी बँकेनं खातेदाराला किमान तीनदा कळवायचं आणि त्यातलं निदान एकदा पत्रानं. दहा वर्षांचं काम रात्री बाराच्या आत उरकायला निघालेला माणूस बँकेचा कसा असेल? रावेरकडच्या केळीवाल्याला विचारा. व्यापारी ‘आत्ताच्या आत्ता सौदा करा’ म्हणून मागं लागला, की तो ओळखतो, उद्या भाव चढणार आहे.

आपली हिंदी गोड आहे. एकदा मीच आपल्याला विचारलं होतं, ‘कोनता गावना शे रे भाऊ तू?’ पलीकडे क्षणभर शांतता, मग ‘सर, ओटीपी बताइए.’ पण अहिराणी येत नाही म्हणजे चोर, असा हिशेब आता चालत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जळगावजवळ ममुराबाद रस्त्यावरच्या एका फार्महाऊसवर पोलिसांनी छापा घातला. तिथं बनावट कॉल सेंटर चालत होतं आणि तिथून परदेशातल्या लोकांना फसवणुकीचे फोन जात होते, असं पोलिसांचं म्हणणं आहे. म्हणजे फोनवरच्या ठगीसाठी बदनाम झालेल्या जामताऱ्याच्या नावानं बोटं मोडायची सोयही आपण ठेवली नाहीत. धुळ्यात २०२० साली एका सहकारी बँकेच्याच खात्यातून दोन कोटींवर रक्कम ऑनलाइन वळवली गेली. जिथं बँकेलाच हातोहात गंडवलं जातं, तिथं कापूस विकून चार पैसे ठेवणारा आमचा पारोळ्याचा शेतकरी किस झाड की पत्ती!

आपल्या पत्रव्यवहाराचंही कौतुक केलं पाहिजे. बँकेचं खरं पत्र मळक्या पाकिटातून, कधी तारीख उलटून गेल्यावर येतं. आपलं पत्र व्हॉट्सॲपवर, अशोकस्तंभासह, रिझर्व्ह बँकेच्या आणि सीबीआयच्या शिक्क्यांनी गच्च भरून. शिक्के जितके जास्त, तितकं पत्र खोटं, असं मानायला हरकत नाही. रिझर्व्ह बँक कुणा सामान्य माणसाचं खातं उघडत नाही, त्यामुळे ती ते गोठवायला फोनही करत नाही. आणि आपण जिची भीती घालता, तो ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार कायद्यात नाही, हे खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगितलं.

आणि ती फाइल! पीएम किसानचे दोन हजार कधी येणार याची वाट बघणाऱ्या गावाच्या ग्रुपवर आपण त्याच नावाची ‘एपीके’ फाइल सोडता. ती मोबाइलमध्ये घेतली की ओटीपी विचारायचे कष्टही आपल्याला पडत नाहीत, मोबाइलच आलेले संदेश परस्पर आपल्याकडे पोचवतो. लाडक्या बहिणींची ई-केवायसी निघाली, तेव्हा तिची नकली संकेतस्थळंही पाठोपाठ निघाली. सरकारी योजना तळागाळात एवढ्या तत्परतेनं पोचवणारं दुसरं खातं महाराष्ट्रात नसेल.

या पत्राची एक प्रत आमच्या खऱ्या बँकांना पाठवत आहे. कारण साहेब, आपला धंदा निम्मा त्यांनी उभा करून दिला आहे. त्यांचीच माणसं साध्या मोबाइल नंबरवरून फोन करतात, ‘पडताळणीसाठी जन्मतारीख सांगा’ म्हणतात आणि शेवटी विमा गळ्यात मारतात. फोनवर जन्मतारीख सांगायची सवय लागलेली माउली उद्या आपल्यालाही ती सांगणारच. नियम नाहीत असंही नाही. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५ मध्ये बँकांना बजावलं, की व्यवहाराचे आणि सेवेचे फोन १६०० नं सुरू होणाऱ्या क्रमांकावरून करा, जाहिरातीचे १४० वरून. संकेतस्थळाचा पत्ता ‘बँक डॉट इन’वर संपला पाहिजे, त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत होती. हे किती खातेदारांना ठाऊक आहे? शाखेच्या भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं विम्याचं पोस्टर मावतं, तिथं मराठीतल्या या दोन ओळी मावायला हव्यात.

तेव्हा साहेब, आपला आवाज, आपली भाषा, आपला शिक्का, आपला नंबर यांतलं काहीही तपासत बसायचं नाही, असं आम्ही ठरवलं आहे. फक्त एकच बघायचं, फोन कुणी लावला? आपण लावला असेल, तर तो खरा असो की खोटा, ठेवून द्यायचा. मग पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला नंबर आम्ही स्वतः फिरवायचा. गुगलवर शोधून सापडलेला नंबर नाही, कारण तिथंही आपण पाटी लावून बसलेले असता. बँकेचं काम खरं असेल तर ते उद्याही खरंच राहील. ओटीपी, पिन आणि कार्डामागचे तीन आकडे बँकेच्या मॅनेजरलासुद्धा सांगायचे नाहीत. आणि यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही.

कळावे. लोभ आपल्याकडे पुरेसा आहे, तो इकडून मागत नाही.

आपला,
पारोळ्याचा एक खातेदार

ता. क. हे आपल्यासाठी नाही, शेजारून पत्र वाचणाऱ्यांसाठी. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, पोरगा परगावाहून येण्याची वाट पाहू नका. लगेच १९३० ला फोन लावा आणि बँकेला कळवून पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमची नसेल आणि बँकेचीही नसेल, तर तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास नुकसान तुमच्या माथी येत नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर कळवेपर्यंत गेलेले पैसे तुमचे, कळवल्यानंतर गेलेले बँकेचे. म्हणून आधी फोन, रडणं नंतर.