सांगत नाही, फक्त हिंट देतो

आमच्या सोसायटीतले काका बँकेतून निवृत्त झाले आणि वर्डलमध्ये रुजू झाले. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द, सहा संधी. रात्री बाराला नवा शब्द येतो, काका तोवर जागे. दूधवाल्याच्या आधी ग्रुपवर त्यांचे हिरवे-पिवळे चौकोन पडतात आणि खाली ओळ : ‘सांगत नाही, फक्त हिंट देतो.’

हिंट तरी कशी? ‘आजची वस्तू माझ्याकडे होती, आता नाही.’ निम्म्या सोसायटीने ‘टीथ’ टाकून पाहिलं. निघाली ‘चेअर’. बँकेतली.

लिफ्टमध्ये गाठ पडली की तळमजल्यापर्यंत शिकवणी. ‘पहिला शब्द अड्यू. एका फटक्यात चार स्वर!’ स्वर मिळाले तरी शब्द अडतो व्यंजनांवर, आणि न्यूयॉर्क टाइम्सचा बॉटसुद्धा क्रेन, स्लेट असल्या शब्दांच्या बाजूचा, हे मी एकदा सुचवून पाहिलं. ‘बॉटने कधी ऑडिट केलंय का?’ असं म्हणून काका उतरले. एकाच शब्दात एक अक्षर दोनदा टाकणं ही त्यांच्या मते उधळपट्टी. हार्ड मोड मात्र कायम चालू. सापडलेलं अक्षर पुढच्या प्रत्येक शब्दात वापरायचंच, ही अट त्यांना इभ्रतीची वाटते.

जॉश वॉर्डलने हा खेळ आपल्या जोडीदारासाठी, पलक शहासाठी केला आणि सुमारे बारा हजार शब्दांतून अडीचेक हजार तिनेच निवडले, हे मी काकूंना सांगितलं. ‘निवडणं आमच्याच नशिबी,’ काकू म्हणाल्या. पुढ्यात तांदळाचं ताट होतं.

त्या रात्री मी त्यांच्याकडेच होतो. अड्यूतला फक्त आय पिवळा. दुसऱ्या डावात काकांनी ‘नाइट’ टाकला आणि मागची चार अक्षरं हिरवीगार! ‘झालंच,’ म्हणत त्यांनी चष्मा पुसला. पण लाइट, माइट, राइट, फाइट, साइट... रांगच लागलेली. हार्ड मोड नसता तर ‘फिल्म्स’ टाकून एफ, एल, एम, एस एकदम तपासता आले असते. आता एकेक दार ठोठावणं आलं. लाइट गेला. माइट गेला. राइटही गेला.

शेवटची संधी. काका फाइट की साइट यात अडकलेले, एवढ्यात आतून हाक आली, ‘अहो, जरा या बरणीचं झाकण उघडून द्या हो. फार टाइट बसलंय!’

‘तू मध्ये बोलू नकोस,’ काका ओरडले आणि त्यांनी ‘फाइट’ दाबला.

एफ करडा झाला. वर उत्तर उमटलं. काका बराच वेळ बघत राहिले. ‘दोन टी,’ एवढंच पुटपुटले आणि झाकण उघडायला गेले.

सकाळी ग्रुपवर चौकोन नव्हते. हिंट मात्र होती : ‘आजचा शब्द आमच्या लोणच्याच्या बरणीत आहे.’