पोच द्यावी

मराठी लेखक पुण्यात कितीही उपेक्षित असला, तरी बडोदे, ग्वाल्हेर किंवा इंदूर यांपैकी एखाद्या शहरी त्याचा निदान एक निस्सीम चाहता असतोच. अंतर वाढेल तसा आदर वाढतो, आणि त्याचे कारणही उघड आहे. पेठेतल्या माणसाने आपल्या आवडत्या लेखकास मंडईत दोन पैशांच्या कोथिंबिरीसाठी घासाघीस करताना पाहिलेले असते.

आमच्या वाट्यास इंदूरचे रावसाहेब आले आहेत. त्यांची सही मोडी वळणाची असल्यामुळे खरे नाव आजतागायत लागलेले नाही. तेव्हा रावसाहेब हा किताब आमचा. होळकर सरकारच्या दफ्तरात त्यांची हयात गेली. 1948 साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले. रावसाहेबांचे दफ्तर मात्र झाले नाही. 1935 साली इंदुरास जे साहित्यसंमेलन भरले, त्या वेळी छातीवर बिल्ला लावून मंडपाच्या दारात उभे राहण्याचे काम त्यांच्याकडे होते, आणि तेव्हापासून मराठी साहित्यात कोणास आत सोडावे व कोणास नाही, हा अधिकार आपल्याकडे वहिवाटीने चालत आला आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

गेल्या महिन्यात त्यांचे कार्ड आले. ‘आपला पानिपतावरील लेख वाचला. त्याविषयीचे आमचे मत सोबतच्या ग्रंथात योग्य स्थळी नमूद केले आहे. ग्रंथ बुकपोस्टाने रवाना. पोच द्यावी.’

चौथ्या दिवशी, खात्याच्या नियमाप्रमाणे दोन्ही तोंडे उघडी ठेवलेले पुडके आले. आत राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड होता, 1898 सालचा, आणि समासांत पेन्सिलीच्या शेऱ्यांनी भरलेला. आता वाचकहो, आपल्या स्तुतीचे ‘योग्य स्थळ’ ग्रंथात कोठे तरी दडले आहे हे ठाऊक असताना कोणता लेखक तो ग्रंथ मिटून ठेवील? आम्ही रात्री कंदील मोठा करून बसलो. मजकूर सोडून समासच वाचावा हा मूळचा बेत. परंतु शेरे ‘रुजू’, ‘पाहावे’, ‘हे गैर’ असे त्रोटक, आणि काय पाहावे हे कळण्यास पत्र वाचणे प्राप्त. जेथे जेथे पानिपतच्या रणातून बाहेर पडलेल्या मल्हाररावांचा उल्लेख, तेथे तेथे पेन्सिल इतकी दाबलेली, की इंदूरचा अभिमान पाठच्या पानावरही उमटला होता. स्तुतीच्या शोधात निघालेले आम्ही गोविंदपंत बुंदेल्यांच्या पत्रव्यवहारात सापडलो, आणि भाऊसाहेबांची रसद व पैक्यासाठी चाललेली निकड वाचता वाचता मध्यरात्र केव्हा उलटली ते समजले नाही. पैक्याच्या तगाद्याची पत्रे आम्हीही संपादकांस लिहितो. पण आमच्या पाठीशी उपाशी फौज नसते.

तेवढ्यात तो शेरा आला. ‘लढाई 14 जानेवारी 1761, पौष शुद्ध अष्टमी. लेखक म्हणतात, संक्रांतीस झाली. आपले निरयन वर्ष इंग्रजी वर्षाहून वीसएक मिनिटांनी मोठे. सबब दोनशे वर्षांत संक्रांत सुमारे तीन दिवस पुढे सरकली. त्या साली ती लढाईपूर्वीच होऊन गेली होती. दुरुस्ती व्हावी.’

आमचा अवघा लेख संक्रांतीवर उभा होता. त्या उपाशी सैनिकांच्या तळहातावर आम्ही जो काल्पनिक तिळगूळ ठेवला होता, त्यावाचून लेखात गोड असे काहीच नव्हते. आणि तो वीस मिनिटांच्या शिलकेने काढून घेतला. तरीही आशा चिवट. अखेरच्या पत्राच्या समासात, पहाटे तीनच्या सुमारास, आमचे नाव दिसले. पुढे एकच वाक्य होते: ‘येथे आपला लेख आठवला.’ पत्र कर्जाच्या हप्त्याविषयी होते.

ही स्तुती की कैफियत, याचा निकाल लागण्यापूर्वीच दुसरे कार्ड येऊन पडले. ‘पोच पावली नाही. दुसरा खंड रवाना केला आहे.’

राजवाड्यांचे खंड एकंदर 22 आहेत.