मुक्काम पोस्ट १६/३३०, खजूर रोड

अल्बमला घराचा पत्ता हे नाव देऊ नये. दिलंच, तर त्या अल्बमच्या चाहत्याने रायपूरच्या मराठी शेजारात तरी राहू नये.

२०१० साली दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या बँडने '१६/३३० खजूर रोड' हा अल्बम काढला. करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात त्यांची तालीम चाले, त्याचा हा पत्ता. मध्ये कंपनीबिंपनी नाही. जुलैपासून दर महिन्याला एक गाणं इंटरनेटवर, तेही फुकट. मी तडकाफडकी त्याला वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बम ठरवून टाकलं. गणपतीपर्यंत बाहेर आली होती जेमतेम दोन गाणी. पण निकाल लावायला मला पूर्ण उत्तरपत्रिका लागत नाही.

समोरच्या काकूंना म्हटलं, "काकू, सोळा-तीनशेतीस खजूर रोड, बघाच एकदा."

"अगंबाई! केवढ्याला पडला? रजिस्ट्री झाली?"

"फुकट आहे हो."

काकूंनी आवाज खाली आणला. "फुकटच्या जागेत लफडं असतं रे. आधी काकांना कागद दाखव." दोन दिवसांत मी दिल्लीला बिऱ्हाड हलवतोय हे कॉलनीभर झालं, आणि वरच्या मजल्यावरच्यांनी माझा कूलर बोलून ठेवला.

आता समाजाचं सांगीतिक शिक्षण करणं भागच होतं. गणपतीत आरतीनंतरची दहा मिनिटं मागून घेतली. विषय, अल्बमचं रसग्रहण. टिपण खरंच चांगलं होतं. मांडी घालून, तबला वाजवता वाजवता गाणारा असीम चक्रवर्ती. त्याच्या आवाजाला हात न लावता भोवती घिरट्या घालणारी सुस्मित सेनची गिटार. खालून जोर लावणारा राहुल रामचा बेस. अमित किलमचे ड्रम. डिसेंबर २००९मध्ये असीम गेला, आणि हे त्याचंच गाणं आता महिन्या-महिन्याने आमच्याकडे येत होतं. एवढं बोलून खाली बसलो असतो तर निभावलं असतं. पण माइक हातात आला की मी आधी पार्श्वभूमी सांगतो. रेकॉर्ड कंपन्या, बाजार, कलावंताचं स्वातंत्र्य असं करत मी बराच वेळ खजूर रोडला पोचलोच नाही. पुढच्या रांगेतली पोरं प्रसादाच्या परातीकडे तोंड करून बसली.

शेवटी साउंडवाल्याला खूण केली. हा गडी एरवी मिरवणुकीत वाजवणाऱ्या धुमाल पार्टीबरोबर फिरणारा. त्याच्या बॉक्सपुढे उभं राहिलं की छातीतला कफ सुटतो. माझा पेनड्राइव्ह त्याच्या मशीनने ओळखलाच नाही. तो म्हणाला, "इंडियन ओशन ना भैया? पीपली लाइववाले?" आणि आपल्या मोबाइलवरून त्याने लावलं 'चोला माटी के राम'.

मंडप जागा झाला. 'पीपली लाइव' नुकताच ऑगस्टमध्ये लागला होता, गाणं सगळ्यांना पाठ. काकू ताल धरून गात होत्या. परातीकडची तोंडं वळली. त्या सिनेमात 'देस मेरा' इंडियन ओशनचं. हे मात्र नगीन तन्वीरचं. मी माइकवर ओरडलो, "हे त्यांचं नाही!" ऐकतो कोण? फक्त साउंडवाल्याने ऐकलं.

"पता है भैया," तो शांतपणे म्हणाला. "हबीब साहब की बिटिया है. वो तो अपने रायपुर के थे. नाटक में भी सुने हैं ये गाना, फिलम तो अब आई."

माझ्या टिपणात नाटककार हबीब तन्वीर हे नाव नव्हतं.

गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या, त्या माझ्यासाठी. अध्यक्षांनी शाल-श्रीफळ दिलं, "असं मातीतलं काहीतरी आणत जा" म्हणाले. नारळ दोन्ही हातांनी धरल्यामुळे खुलासा करायला हात मोकळा नव्हता. वार्षिक अहवालात 'छत्तीसगढी लोकसंगीताचे अभ्यासपूर्ण विवेचन' अशी नोंद आहे आणि पुढच्या वर्षी मला अर्धा तास दिला गेला.