श्रीयुत ‘तुमची बोली मागे पडली आहे’ यांस

श्री. रा. रा. ‘तुमची बोली मागे पडली आहे’ यांस,
मु. पो. बाबांचा मोबाइल.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या दिवाळीपासून आपले आमच्या घरी येणे-जाणे फार वाढले आहे आणि आपला यथोचित सत्कार अजून कोणी केलेला नाही. शाल-श्रीफळ मोबाइलवर पाठवता येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी आपल्या मितभाषीपणाचे कौतुक करू द्या. अग्रलेखांना जे रकाने भरूनही साधत नाही, ते आपण पाच शब्दांत साधता. त्या पाच शब्दांत लिलावातल्या नाण्याबद्दल काहीही नसते. ते अस्सल आहे की नक्कल, झिजलेले आहे की टवटवीत, मागल्या वर्षी तसलेच नाणे कितीला गेले, यातले एक अक्षर नाही. आमच्याकडे या महिन्यात गीझर बदलायचा आहे, याची आपल्याला खबर नसते. आपण सांगता एवढेच, की दुसऱ्या कोणीतरी जास्त पैसे सांगितले. खाली लगेच हिरवे बटण: ‘पुन्हा बोली लावा’. आणि एवढ्याशा बातमीवर, आयुष्यभर दुसऱ्यांचे जमाखर्च तपासलेला निवृत्त माणूस पांघरूण फेकून उठून बसतो.

हा माणूस कोण ते सांगते, म्हणजे आपल्या पराक्रमाची उंची आपल्यालाच कळेल. माझे बाबा जुन्या नाण्यांचे शौकीन. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी पथारी टाकून बसणारे त्यांना लांबूनच ओळखतात, आणि ओळखून चेहरा पाडतात. दुदांडी शिवराईचे विक्रेत्याने दीडशे सांगितले की बाबा साठ म्हणतात. मग पाठ फिरवतात, चार पावले जातात, मागून “घ्या शंभरला” ऐकू आले तरी आणखी दोन पावले जातात. नाणे बोटाच्या टोकावर तोलतात, भिंगातून कड न्याहाळतात, ओतीव नकलेच्या कडेला सांध्याची रेघ दिसते म्हणून उन्हात धरून फिरवतात. शेवटी ऐंशीला सौदा होतो आणि सत्तरला मिळायला हवी होती म्हणून ते संध्याकाळपर्यंत हळहळतात.

तिथे त्यांच्या समोर विकणारा असतो, हे लक्षात घ्या. तो भाव वर ओढणार, हे खाली खेचणार. आपण हा मामलाच फिरवलात. विकणाऱ्याला उठवून पडद्याआड नेऊन बसवलेत, आणि बाबांच्या समोर दुसरा एक बाबाच आणून उभा केलात. आता दोन गिऱ्हाइके एकमेकांशी भांडतात आणि विकणारा निवांत चहा पितो. जन्मभर भाव पाडण्यात ज्याचा हात कोणी धरला नाही, त्याला भाव चढवण्यात भूषण वाटू लागले. याला विद्वत्तेत काय म्हणतात ते असो, आमच्या आळीत याला चेटूक म्हणतात.

त्या रात्रीचा लिलाव आपल्याला आठवत असेलच. अंकुशी रुपया होता. पुण्याच्या टांकसाळीचा, अंकुशाचे चिन्ह असलेला, चांदीचा. (त्यावर नाव मात्र दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे. पेशव्यांचा हा विनय मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे.) कॅटलॉगमध्ये अंदाजित किंमत साडेतीन ते चार हजार होती. बाबांनी समासात पेन्सिलीने लिहून ठेवले होते: ‘4,000. पुरे.’ संगणकावर कमाल बोलीच्या चौकटीतही तेवढाच आकडा भरला होता.

बोली चार हजारांच्या पुढे सरकली आणि आपण आलात. टुंग.

“तो आला,” बाबा म्हणाले.

“कोण?” आईने विचारले.

“तो.”

नाव नाही, गाव नाही, पडद्यावर फक्त एक क्रमांक. पण पाच हजारांपर्यंत त्याचे चरित्र तयार झाले होते. तो सुरतेचा असावा, कारण एवढ्या रात्री जागतो. सहा हजारांवर, त्याला नाण्यांतले काही कळत नाही असे ठरले. आठ हजारांवर, त्याला फारच कळते असे ठरले. लिलाव खरे तर साडेदहाला संपायचा, पण शेवटच्या दोन मिनिटांत कोणी बोली लावली की घड्याळ आणखी दोन मिनिटे पुढे ढकलायचे, अशी सोय आपल्या यजमानांनी केलेली आहे. सगळ्यांना विचार करायला अवधी मिळावा, हा त्यामागचा उदात्त हेतू. अवधी भरपूर मिळाला. विचार तेवढा कोणी केला नाही. दर दोन मिनिटांनी आपण येत होतात आणि दर दोन मिनिटांनी बाबांचा अंगठा त्या हिरव्या बटणावर पडत होता. आई माझ्या कानात म्हणाली, “ह्यांना नाणं नकोय गं. ह्यांना तो हवाय.”

अकरा हजार पाचशेला तो थांबला. मग आपला धाकटा भाऊ आला: ‘अभिनंदन! तुम्ही जिंकलात!’ किराणा दुकानात दोन किलो साखर घेतल्यावर कोणी गिऱ्हाइकाचे अभिनंदन करत नाही, ही त्या दुकानदारांची केवढी मोठी चूक.

जिंकलेल्या वीराला पुढे बिल आले. बोलीवर खरेदीदाराने द्यायचे कमिशन, वर जीएसटी, वर टपाल आणि विमा. सगळे मिळून चौदा हजारांच्या वर. हे सगळे कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर स्वच्छ छापलेले होते, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. हिरव्या बटणावर यातले काहीच लिहिलेले नव्हते, पण बटण लहान असते, मावले नसेल.

काही दिवसांनी दुसऱ्या एका लिलावात तीच टांकसाळ, तेच चिन्ह, तशीच स्थिती असलेला रुपया 4,200 ला गेला. तो आला नव्हता. बाबाही नव्हते. तेव्हा बाबांच्या बोलीची फोड अशी करता येईल: नाण्याचे 4,200, आणि तो हजर राहिल्याबद्दल 7,300.

आपण इंटरनेटची पैदास आहात, असा अनेकांचा गैरसमज आहे. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळाची सुरुवात 1995 मध्ये कॅलिफोर्नियात झाली आणि तिथली पहिली विक्री म्हणून एका मोडक्या लेझर पॉइंटरची, 14 डॉलर 83 सेंटची, गोष्ट सांगतात. तेव्हापासून आपला वंश फोफावला हे खरे. पण आपले मूळपुरुष रोमचे. इ. स. 193 मध्ये तिथल्या प्रीटोरियन रक्षकांनी आपल्याच सम्राटाला, पर्टिनॅक्सला, ठार केले आणि गादी लिलावात काढली. छावणीच्या आत होता मेलेल्या सम्राटाचा सासरा सल्पिसियानस, तटाबाहेर डिडियस ज्युलियानस. सैनिक आतून बाहेर आणि बाहेरून आत निरोप नेत राहिले: तो इतके देतो म्हणतो, तुम्ही किती चढवता? बस, एवढेच. साम्राज्याची तिजोरी केवढी, सरहद्दीवर काय चालले आहे, याबद्दल एक शब्द नाही. सल्पिसियानस माणशी वीस हजार सेस्टर्सवर पोहोचला. मग ज्युलियानसने एका दमात पाच हजार चढवले, ओरडून सांगितले आणि वर हाताची बोटेही दाखवली. जिंकला. 66 दिवस राज्य केले आणि मारला गेला. त्या तटावरून निरोप पोहोचवणाऱ्या सैनिकाचे नाव इतिहासाने नोंदवलेले नाही, पण आडनाव आपलेच असणार.

निदान ज्युलियानसला समोर सल्पिसियानस खरोखर होता. आपल्या ‘तो’चे तेवढेही नक्की नसते. 2000 सालच्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या एका वकिलाने ईबेवर एक चित्र विकायला ठेवले. बोली 25 सेंटांपासून. चित्र रिचर्ड डीबेनकॉर्न या नामवंत चित्रकाराचे असावे असा भास होईल, एवढीच काळजी त्याने घेतली होती. बोली 1,35,805 डॉलरपर्यंत चढली. मग उघडकीस आले की बोली चढवणाऱ्यांत तो स्वतः होता आणि त्याचे साथीदारही होते, वेगवेगळ्या नावांनी. विक्री रद्द झाली, खटला उभा राहिला. पण त्या चढाओढीत ज्यांना ज्यांना आपण जाऊन सांगितलेत की तुमची बोली मागे पडली, त्यांना आपण हे सांगितले नाहीत, की पुढे गेलेला इसम विकणाराच आहे. आपल्याला तरी कुठे माहीत होते म्हणा. निरोप्याने निरोप पोहोचवायचा, खात्री करायची नाही.

पेन्शनीतल्या माणसांनाच आपण गाठता, असा आरोप मात्र मी करणार नाही. 2010 साली भारतात थ्रीजी लहरींचा ऑनलाइन लिलाव 34 दिवस आणि 183 फेऱ्या चालला. संपूर्ण देशासाठी मूळ किंमत 3,500 कोटी होती, ती 16,751 कोटींवर गेली. पदरी वकील, हिशेबनीस आणि सल्लागार बाळगणाऱ्या कंपन्या त्या. शेवटी सगळी 22 परिमंडळे एकीलाही घेता आली नाहीत. सरकारच्या तिजोरीत भर पडली, तेव्हा तिथे आपण राष्ट्रकार्य केलेत असे धरू. 2025 च्या नोव्हेंबरात हरियाणात जे केलेत त्याला काय म्हणावे? एचआर 88 बी 8888 हा गाडीचा नंबर. नंबर, गाडी नव्हे. 50 हजारांपासून सुरू झालेली बोली 1 कोटी 17 लाखांवर थांबली. देशातला सगळ्यात महाग नंबर म्हणून बातम्या आल्या. मुदत उलटली तरी जिंकणाऱ्याने पैसे भरले नाहीत, अनामत जप्त झाली आणि नंबर पुन्हा लिलावाच्या रांगेत गेला. त्या चार आठांसाठी पैसे कोणी मोजले नव्हते, फक्त आकडे चढवले होते.

आता आपल्याला आवडणार नाही अशी एक गोष्ट. आपल्यावर उतारा आहे आणि तो संग्राहकांच्याच दुनियेतून आला आहे. परगावच्या गिऱ्हाइकांना लिलावाला येता येत नाही म्हणून 1893 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या टपाल तिकिटांच्या विक्रेत्यांनी पत्राने बोली घेतली. गिऱ्हाइकाने आपली सगळ्यात मोठी रक्कम लिहून पाठवायची. ज्याची रक्कम सर्वांत जास्त, त्याला वस्तू मिळायची, पण भाव लागायचा दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा एक पायरी वर. पुढे 1961 मध्ये विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञांनी अशा लिलावाचे गणित मांडले: आपल्याला वस्तू जेवढ्याची वाटते तेवढेच लिहावे, कमी नाही, जास्त नाही, समोरचा काय लिहितो ते कळण्याची गरजच नाही. या वळणाच्या कामाबद्दल त्यांना 1996 चे नोबेल जाहीर झाले आणि तीन दिवसांत ते वारले. ज्या बातमीवर आपला चरितार्थ चालतो, ती बातमी निरुपयोगी असल्याचे हे गणित आहे. कोणी म्हणेल, नाण्यांत दुसऱ्याची बोलीही काहीतरी सांगते. जाणकार माणूस मागे लागला म्हणजे वस्तू अस्सल असणार. मान्य. पण पडद्यावरच्या क्रमांकावरून जाणकार कोण आणि पेटलेला कोण, हे ओळखणारा अजून जन्माला यायचा आहे.

कमाल बोलीची ती चौकट म्हणजे तिकीटवाल्यांचीच सोय. बाबांनी तिच्यात चार हजार भरले होते. यंत्राने त्यांच्या वतीने पायरी पायरीने बोली चढवली आणि चार हजारांवर ते थांबले. बाबांनी जे ठरवले होते ते अक्षरशः तसेच घडले. नेमक्या त्याच क्षणी आपण टुंग करून आलात आणि सांगितलेत, की ते मागे पडले. आपल्या मनाने ठरवलेल्या जागी थांबलेला माणूस कोणाच्या मागे पडला, हे आपण एकदा समजावून सांगाल काय? जे बाबांच्या हाती कधी नव्हतेच, ते हिरावले गेल्याचे दुःख आपण त्यांना दिलेत, आणि उपाय म्हणून बटण.

तेव्हा विनंती अशी, की आपला मजकूर बदलावा. मसुदा सोबत देत आहे: ‘तुम्ही ठरवलेली किंमत गाठली गेली. तुमचे 4,000 रुपये शाबूत आहेत.’ बटण ठेवायचेच असेल, तर त्यावर कमिशन, कर आणि टपाल धरून होणारा पूर्ण आकडा ठळक छापावा. जागा कमी पडली तर बटण मोठे करावे. आपल्या यजमानांना हे मानवणार नाही, याची मला कल्पना आहे. त्यांना सांगा, की रोममध्ये सैनिकांना माणशी रोख मोजून घ्यायचे असल्यामुळे निदान बोली पूर्ण रकमेची होती.

मजकूर बदलेपर्यंत बाबांच्या मोबाइलवर टुंग वाजवण्याची आपली परवानगी मी काढून घेतली आहे. पुढचा लिलाव येत्या शनिवारी आहे. बाबांची कमाल बोली भरून झाली आहे आणि पासवर्ड आईने बदलला आहे.

कळावे,

एका नाणेसंग्राहकाची मुलगी