सुतळीचं वजन

किराणा दुकानात जन्म गेलेल्या माणसाला वजनाचं एकच गणित ठाऊक असतं. माल वाढला की पैसे वाढतात. साखर असो, तूरडाळ असो, नाहीतर म्हशीची पेंड. माझ्या भाच्याचा हिशेब नेमका उलटा. त्याच्या शौकात वस्तू जितकी हलकी तितकी महाग. नसलेल्या वजनाचे पैसे मोजणारं गिऱ्हाईक आमच्या लोहाऱ्यात त्याच्याआधी मी तरी पाहिलेलं नाही.

भाचा पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो. उन्हाळ्यात सुट्टी काढून आला, तो सायकल घेऊनच. दुकानात गर्दी नाही असं बघून म्हणाला, "मामा, काटा रिकामा आहे का?"

मला वाटलं, मामीनं डाळीला पाठवलंय. त्यानं खिशातून टूथब्रश काढला. अर्धा. दांडी घरी करवतीनं कापून आला होता. काट्यावर ठेवला, आकडा हलला नाही. दरवर्षी शिक्का मारून घेतलेला काटा आहे, खोटं बोलत नाही, पण पाच ग्रॅमच्या टप्प्यानं चालतो. त्याच्या दृष्टीनं पाच ग्रॅम म्हणजे ढोबळ काम. "एवढ्यात तर माझा कंगवा बसतो," म्हणाला. मग निघालो सराफाकडे.

सराफाचा काटा काचेच्या पेटीत असतो आणि वजन करताना वर पंखा बंद करतात. भर उन्हाळ्यात पंखा बंद झाला. शेजारी दोघी बायका मंगळसूत्राच्या वाट्या बघत होत्या, त्यांनी घाम पुसला. भाच्यानं पिशवीतून मोजे काढले. "धुतलेले आहेत," हे त्यानं आधीच सांगून टाकलं. मोजे चार तोळ्यांच्या जरा वर भरले. सराफाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मोडायचे का बदलून घ्यायचे?"

हा सगळा खटाटोप एका शर्यतीसाठी. सायकलला कॅरिअर नाही. सीटच्या मागं एक लांबुडकी पिशवी, दांड्यांमधल्या त्रिकोणात एक, हँडलला एक वळकटी, आणि एवढ्यावर हजार-बाराशे किलोमीटर. कुठं झोपायचं, काय खायचं, पंक्चर कसं काढायचं, ते ज्याचं त्यानं बघायचं. युरोपात माइक हॉल नावाच्या गड्यानं २०१३ साली ट्रान्सकॉन्टिनेंटल नावाची असली शर्यत काढली, ती आख्ख्या खंडातून आडवी जाते. मी म्हटलं, आपल्याकडच्या नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिका सायकलनं पार केली तसंच का? तर म्हणे नाही. त्या दोघांनी २०१५ साली जवळपास ४,८०० किलोमीटर नऊ दिवसांच्या आत मारले, आळीपाळीनं. पण त्या शर्यतीत मागं गाडी असते आणि गाडीत माणसं. दिंडीला ट्रक असतो तसं. याच्या शर्यतीत ट्रक बाद. मग त्यानं पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचं नाव काढलं. त्या पोरीनं २०१८ साली १५९ दिवसांत पृथ्वीची फेरी पुरी केली, साधारण २९,००० किलोमीटर, आणि बहुतेक वाट एकटीनं, सामान स्वतः वाहून. वाटेत कॅनडात अस्वल भेटलं आणि स्पेनमध्ये चोर. हे ऐकल्यावर मामीनं देव्हाऱ्यातली तुळजापूरच्या कुंकवाची पुडी आणून त्याच्या पिशवीत घातली. तिचंही वजन त्यानं केलं असणार. आम्हाला सांगितलं नाही.

मला या खेळातला एकच नियम मनापासून पटला. वाटेतल्या दुकानातून काहीही विकत घ्यायला मुभा आहे, पण ते दुकान सगळ्या स्पर्धकांना सारखं उघडं पाहिजे. ओळखीच्यानं वाटेत डबा आणून दिला तर नियमभंग. नियम करणाऱ्याच्या घरात किराणा दुकान असावं. मी लगेच विचारलं, "समज, शर्यत लोहाऱ्यातून गेली आणि मी तुला माल उधार दिला, तर?"

भाचा बराच वेळ गप्प होता. "मग तुम्हाला सगळ्यांनाच उधार द्यावं लागेल, मामा," म्हणाला. ही शर्यत आमच्या रस्त्यानं येऊ नये, असं तेव्हापासून वाटतं.

एक दिवस त्यानं चमचा दाखवला. टायटॅनियमचा, वजन सतरा ग्रॅम, किंमत सतराशे रुपये. दुकानदाराचं डोकं लगेच भाव काढतं. किलोला एक लाख. त्यापेक्षा चांदीचा घेतला असता तर अडीनडीला मोडता तरी आला असता. १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले होते, त्यातले तिघे फेरी पुरी करून १९२८ साली परतले. त्यांनी कशानं खाल्लं असेल, असं मी विचारलं. "त्यांना साडेचार वर्षं लागली," भाचा म्हणाला. जणू सगळा उशीर चमच्यामुळंच झाला.

आमचा हमाल मागं पोती लावत हे ऐकत होता. पन्नास किलोचं पोतं पाठीवर असताना त्याला बोलायला सुचतं, एरवी तो गप्प असतो. भाच्याकडं खालून वर बघत म्हणाला, "मालक, पोतं ऱ्हायलं बाजूला, सुतळीचं वजन करायलाव." भाचा अंगानं भरलेला आहे. पोत्यांच्या काट्यावर उभा राहा, असं मी त्याला म्हटलंही. तो म्हणाला, ते वजन यादीत धरत नाहीत. आमच्या धंद्यात बारदान वजा करून मालाचे पैसे घेतात. इथं माल फुकट आणि बारदानाला चांदीचा भाव.

खाण्याच्या बाबतीत मात्र मी त्याला सोडला नाही, कारण तो माझा प्रांत. त्यानं जेलच्या पुड्या आणल्या होत्या, हाताच्या बोटाएवढ्या, चिकट, औषधाच्या वासाच्या. एकेक बत्तीस ग्रॅमची, त्यात शंभर कॅलरी. मी शेंगदाण्याच्या पाकिटावरचं छापलेलं वाचून दाखवलं. शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर. म्हणजे ग्रॅमामागं जवळजवळ दुप्पट, आणि भाव पुडीच्या पासंगालाही पुरत नाही. तो म्हणाला, जेल लगेच रक्तात उतरतं, दाणे पचायला वेळ लागतो. बरोबर असेल. पण दिवसचे दिवस सायकल मारणाऱ्याला घाई कसली? मामीनं कडक भाकरी केल्या. ज्वारीची ही पापडासारखी भाकरी हातात घेतली तर काही घेतलंय असं वाटत नाही, आणि कितीतरी दिवस टिकते. भाच्याचा चेहरा पहिल्यांदा उजळला. फक्त ती गोल राहते, घडी होत नाही, आणि त्याची एकही पिशवी गोल नव्हती. शेवटी मोडून, चुरा करून, वर शेंगाची चटणी घालून डबीत भरली. पाण्यापुढं मात्र दोघांनीही हात टेकले. लिटरला एक किलो. पुण्यातसुद्धा अजून हलकं पाणी निघालेलं नाही.

बॅटरीवरून मामीचं आणि त्याचं बिनसलं. त्याच्याकडं कपाळाला बांधायचा दिवा होता, तीन तोळ्यांचा. मामीनं कपाटातली दोन सेलची लोखंडी बॅटरी काढली. ती घेतली तर टूथब्रश कापल्याचं पुण्य पार धुऊन निघणार, म्हणून तो नको म्हणत होता. त्याला माहीत नसावं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा या भागातली माणसं हातात काहीही नसताना अंधारात बाहेर पळाली, त्यात उद्ध्वस्त झालेलं सास्तूर इथून जवळच. त्या पिढीतल्या पुष्कळ बायका अजून उशीखाली बॅटरी ठेवून झोपतात. मामीनं हे काही सांगितलं नाही. "सेल नवे हायत," एवढंच म्हणाली. त्यानं बॅटरी घेतली. मग मन शांत करायला नेलकटरची साखळी काढून टाकली.

सगळं बांधून तो सरावाला माकणीकडं गेला, तेरणेचं धरण बघून येतो म्हणून. आदल्या रात्री अवकाळी झाला होता. जाताना डांबरीनं गेला, येताना फोननं जवळची वाट दाखवली, म्हणजे पांदण. पुण्याच्या फोनला आमची काळी माती ओली झाल्यावर काय करते ते कुठून कळणार? चाक पन्नास पावलं फिरतं, मग टायर आणि चिमट्याच्या मध्ये माती ठासते आणि चाक ब्रेक न दाबता थांबतं. ढकलावी तर सायकल घसरगुंडीसारखी सरकते. दिवेलागणीला भाचा आला, सायकल खांद्यावर, दोन्ही पायांना मातीचे ठोकळे. हमालानं न सांगता उलथणं आणलं. खरवडून निघालेला सगळा गारा मी पोत्यांच्या काट्यावर ठेवला. साडेतीन किलो. टूथब्रश, साखळी, कंगवा आणि लेबलं कापून त्यानं सगळं मिळून जे वाचवलं होतं, ते चारशे ग्रॅमच्या आत होतं.

आमच्याकडचे जुने लोक मृगाआधी सायकलचे मडगार्ड काढून ठेवायचे आणि हँडलला बाभळीची एक काडी अडकवायचे, माती उकरायला. हे ऐकल्यावर भाच्यानं कुंपणातून काडी तोडली, काटे सोलले आणि सराफाकडं गेला. तीन तोळे. त्याच्या यादीत छापील नाव नसलेली ती एकच वस्तू आहे, आणि सगळ्यात स्वस्तही.

निघायच्या सकाळी तो दुकानात आला आणि सरावासाठी नियम पाळायचा म्हणाला. वाटेतलं अनोळखी दुकान समजायचं. पाव किलो शेंगदाणे मागितले. मी तोलले आणि सवयीप्रमाणे वर मूठभर घातले. त्यानं ती मूठ परत पोत्यात टाकली. "बाहेरची मदत," म्हणाला. आतून मामीनं काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मी नेहमीच्या भावानं पैसे घेतले. वरचे दोन रुपये परत द्यायचे होते, सुट्टे नव्हते, म्हणून बरणीतली दोन चॉकलेटं पुढं केली. त्यानं ती तळहातावर घेऊन जरा वरखाली केली आणि एक बरणीत परत टाकलं.