बिजागरी निखळली

आमच्या सोसायटीत दर २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन होतो आणि दरवर्षी वक्ता आयत्या वेळी टांग देतो. यंदा वक्त्याचा घसा बसला आणि सेक्रेटरींची नजर माझ्यावर पडली. बी.ए.ला माझा मराठी विषय होता, हे मी लिफ्टमध्ये बऱ्याचदा, न विचारता सांगितलेलं होतं.

विषय मीच ठरवला: 'आपल्या घरातले अस्सल मराठी शब्द'. तयारी म्हणाल, तर दुपारी दहा मिनिटं घरभर फिरलो आणि दिसेल ती वस्तू कागदावर उतरवली. व्युत्पत्ती काय, उभं राहिलं की सुचतात.

सुरुवात झोकात झाली. हॉलच्या कुरकुरत्या दाराकडे बोट दाखवून मी गरजलो, "बिजागरी! बीज अधिक आगर. दाराच्या हालचालीचं बीज जिथे साठलंय, ते आगर!" टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनी दाराकडे आदराने पाहिलं. दोन वर्षं त्यात तेल घालायला त्यांना सवड झाली नव्हती.

पुढच्या रांगेत तिसऱ्या मजल्यावरच्या माई बसल्या होत्या. मूळच्या बार्देशातल्या, शाळा पोर्तुगीज अमदानीत झालेली. "अरे बाबा," त्या शांतपणे म्हणाल्या, "ती पोर्तुगीजांची बिझाग्रा."

मी हसून चावीकडे वळलो. "शाव्ह," माई म्हणाल्या. बादली? "बाल्द." घमेलं? "गामेला. त्यांचं लाकडाचं असायचं." मेस्त्री गेला, पगार गेला. मागची पोरं आता परस्पर माईंनाच विचारायला लागली. बटाटा आणि पावही गेले, म्हणजे वडापावातला वडा सारणाविना उरला.

"हापूस तरी?" कुणी रत्नागिरीकर कळवळून ओरडला.

"आफोन्सो," माई म्हणाल्या. हॉलमध्ये सुतक पसरलं.

जाता जाता त्यांनी मला सांगितलं, की आसगावचे पाद्री दाल्गाद यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर १९१३ साली अख्खा ग्रंथ लिहिला आहे. "वाच हो," म्हणाल्या. त्या 'हो'ने जितकं लागलं तितकं बिझाग्राने लागलं नव्हतं.

रात्री कपाटातून कृ. पां. कुलकर्ण्यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' काढला. १९४६ साली निघालेला हा कोश माझ्याकडे आजवर शोभेला होता. वाचत गेलो तसं उमगत गेलं. वसई १५३४ ते १७३९, दोनशे वर्षं, पोर्तुगीजांकडे होती. कोट उठले, चर्च उठली. तिथे राबणारे गवंडी-सुतार आपलेच. हातात आलेल्या नव्या वस्तूचं नाव कानावर पडेल तसं त्यांनी उचललं आणि जिभेला सोसेल तसं घासून घेतलं. संस्कृत पंडिताकडे जाऊन विचारायला कुणाला वेळ होता? माझ्या 'बीज अधिक आगर'ला विद्वान लोकव्युत्पत्ती म्हणतात. शब्दाचा बाप हयात असताना त्याला दुसरीकडे दत्तक द्यायचा, असा हा प्रकार.

मग झोप येईना. खुर्ची पाहिली, अरबी. 'फक्त' अरबी. 'वगैरे'सुद्धा अरबी, भाषणात मला काही आठवेनासं झालं की मी त्याच्याच आधाराने उभा राहायचो! शेवटी, कार्यक्रमाचा कागद समोर होता म्हणून, त्यावरचा 'अस्सल' शब्द काढला. तोही अरबी, 'अस्ल'वरून आलेला. माझ्या विषयात 'मराठी' तेवढी आपली उरली होती.

सकाळी सेक्रेटरींचा फोन. "फार रंगलं हो कालचं! पुढच्या वर्षीही तुम्हीच. मात्र माईंना शेजारी खुर्ची देऊ."

"हजर राहीन," म्हणालो आणि जीभ चावली. कोश उशाशीच होता.